बिनधुराचा बार

दाजी, तुमच्या उजव्या डोळ्यात शिरलेला छर्रा माझ्या बंदुकीतला होता. वाळकूच्या नव्हे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हा त्यालाही ठाऊक असेलच म्हणून सोडून दिलं. बावीस वर्षं झाली. परवा तुमचं तेरावं झालं, मंडळी पांगली, ताई भिंतीला टेकून बसली, आणि मी शहापूरला घरी येऊन ही वही उघडली. तुम्ही समोर होतात तेव्हा बोललो नाही आणि आता तुम्ही नाही तर तुमच्याशीच बोलतोय, हा भेकडपणा आहे हे मला कळतं. तरी लिहितो.

तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. मी तुमच्या घरी पहिल्यांदा राहायला आलो तेव्हा तुम्ही माझी चौकशी केली नाहीत, शिक्षण विचारलं नाहीत. खुंटीवरची दुनळी काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "वजन बघ. हलकी वाटते का नाय?" ती तुमच्या वडिलांची सोळा बोर. पीक राखायला म्हणून तिचा परवाना होता. सिद्धगडाच्या पायथ्याला रानडुक्कर भातात शिरतं, तेव्हा बंदूक असणं नवलाचं नव्हतं. नवल होतं ते सोळा बोरचं. सगळीकडे बारा बोर. सोळाची काडतुसं मिळायची मारामार, म्हणून तुम्ही रिकामी काडतुसं जपून ठेवायचात आणि घरीच भरायचात. ओट्यावर फडकं पसरून काळी दारू, नमद्याच्या म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या चकत्या, छर्रे, सगळं ओळीनं मांडलेलं. ताई त्या वेळी कुणाला ओट्यावर चूळसुद्धा भरू द्यायची नाही.

बोर म्हणजे काय, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी गणिताचा मास्तर होणार, आणि गणित तुमच्याकडून शिकलो. "एक पौंड शिसं घे. त्याच्या बारा सारख्या गोळ्या कर. त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसंल, ती बारा बोर. सोळा केल्यास तर गोळी बारीक, नळी बारीक, ती सोळा. वीस केल्यास तर आनखी बारीक."

ताई आतून म्हणाली, "म्हंजे वीस ही बारापेक्षा ल्हान? तुमच्या घरचं गणितच उलटं."

"म्हनून तर तुला करून आनली," तुम्ही म्हणालात. "सुलट करायला."

ती हसली नाही, पण भांड्यांचा आवाज थोडा वाढला. तुम्ही मला डोळा मारलात. उजवा.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. माझ्या सासऱ्यांची बारा बोर होती, एकनळी, जड, खांदा सोलून काढणारी. मी तिची बाजू घ्यायचो. तुम्ही सोळाची. मी म्हणायचो, बारात सव्वा औंस छर्रे बसतात, सोळात औंसभर. जास्त छर्रे म्हणजे जास्त खात्री. आणि नळी मोठी तर पसाराही मोठा. तुम्ही म्हणायचात, पसारा बोर ठरवत नाय, चोक ठरवतो. नळीचं तोंड किती आवळलंय त्यावर. बारा बोरात त्याच घेरात छर्रे दाट पडतात, एवढंच.

"मंग दाट बरं की विरळ?" मी विचारलं.

"दाट म्हंजे चूक माफ. जरा पुढं, जरा मागं मारलंस तरी एखादा छर्रा लागतोच. आनि माफ होत गेलं की मानूस नेम धरायचं सोडतो, मास्तर."

ते मला पटलं नाही. मग आपण ताईची जुनी चादर दोन बांबूंना ताणून बांधली, चाळीस पावलं मोजली, आणि दोन्ही बंदुकींचा एकेक बार तिच्यावर काढला. एकाच नंबरचे छर्रे, सहा नंबर. घेर जवळजवळ सारखाच निघाला. भोकं बाराची जास्त. तुम्ही खडूनं सोळाची भोकं मोजलीत, मी कोळशानं बाराची, आणि दोघंही आपापलं म्हणणं सिद्ध झालं असं धरून घरी आलो. ताईनं चादर उजेडात धरली.

"दोघांनी मिळून चादर मारलीत ती मारलीत," ती म्हणाली. "आता शिजवून खा."

त्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली होती आणि ती मी पुढं वापरली, म्हणून इथे लिहितो. छर्र्याचा आकार नंबरावर असतो, बोरावर नाही. सहा नंबरचा छर्रा बारातून सुटो, सोळातून सुटो की वाळकूच्या ठासणीतून, तो सहा नंबरचाच. एकटा हातात घेतला तर कुणाचा ते सांगता येत नाही.

वाळकू तुमच्या बांधाशेजारचा. ठाकरपाड्यावरचा, तुमच्याच वयाचा. पाखराच्या मागावर चालताना त्याच्या पायाखाली वाळलं पानसुद्धा वाजायचं नाही. त्याची ठासणीची बंदूक आजोबाच्या वेळची. तोंडातून दारू ओतायची, काथ्या कोंबायचा, छर्रे टाकायचे, पुन्हा काथ्या, गजानं ठासायचं. छर्रे तो तुमच्याच पिशवीतले घ्यायचा. बार उडाला की पांढरा धूर एवढा की वाळकू दिसेनासा व्हायचा. तुम्ही म्हणायचात, "वाळक्या, बार काढलास की चूल पेटवलीस?" आणि धुरातून आवाज यायचा, "ज्येवाया या."

शिकारीला तेव्हाही बंदी होती. तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही ती मोडत होतो. ताईनं कितीदा सांगितलं. तुमच्या हाताखाली मी ज्या काही गोष्टी शिकलो त्यात ही एक न शिकलेली बरी होती. पण झालं ते तसं झालं.

म्हसा गावची जत्रा चार दिवसांवर आली होती. भातं कापून झाली होती, खाचरात नुसते खुंट. कोवळ्या उन्हात आपण तिघं लाव्यांसाठी गेलो. तुमचे नियम दोन. एक, ज्यानं त्यानं आपापल्या बांधाच्या आत राहायचं, नळी दुसऱ्याच्या बांधावरून फिरवायची नाही. दुसरा, पाखराच्या खाली आभाळ दिसलं तरच बार. खाली गवत दिसत असेल तर सोडून द्यायचं, कितीही जवळ असो. लावा खालून उडतो, जमिनीला लागून. म्हणून हा नियम. दर वेळी निघताना तुम्ही तो म्हणून घ्यायचात, शाळेतल्या प्रार्थनेसारखा, आणि मी आणि वाळकू मान हलवायचो.

तुम्ही पलीकडच्या कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीआड बसलात. वाळकू डावीकडे, मी उजवीकडे. जोडी उडाली. एक लावा वाळकूच्या अंगावरून वर गेला, आभाळात. दुसरा माझ्या समोरून खाली, गवताला घासत, आणि बांधाच्या कडेकडेनं वळत तुमच्या कोपऱ्याकडे. मी नळी त्याच्याबरोबर फिरवली. बांध ओलांडला हे मला कळलं. पाखराच्या खाली गवत होतं हेही दिसलं. मग जाळी दिसली. चाप ओढला गेला.

गेला नाही, दाजी. मी ओढला.

त्याच क्षणी वाळकूनंही बार काढला. दोन आवाज एकात एक मिसळले. सिद्धगडाचा डोंगर आवाज परत पाठवतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे दुसरा आवाज म्हणजे डोंगराचा, असंच पुढं सगळे म्हणाले. वाळकूच्या भोवती पांढरा ढग. माझी विकतची काडतुसं बिनधुराच्या दारूची. माझ्या नळीच्या तोंडाशी काहीच नव्हतं. स्वच्छ ऊन.

तुम्ही ओरडला नाहीत. "आई," एवढंच म्हणालात, हळू, जसं काही कुणी हाक मारली तिला ओ द्यावी.

वाळकू बंदूक टाकून धावला. मी धावलो नाही. मी आधी बंदूक मोडली, म्हणजे सांध्यातून वाकवून उघडली, गरम काडतूस काढून खिशात टाकलं, नवं भरलं, आणि मग धावलो. हे करायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी पूर्ण शुद्धीवर होतो. शहापूरच्या शाळेचं नेमणुकीचं पत्र येऊन आठ दिवस झाले होते, पोलिसांची पडताळणी व्हायची होती. बंदुकीचा परवाना सासऱ्यांच्या नावावर, माझ्या नव्हे. हे सगळं माझ्या डोक्यात तेवढ्यात येऊन गेलं. तुमच्या डोळ्याचं नंतर आलं.

तुम्ही हात डोळ्यावर धरून बसला होतात. बोटांतून रक्त. "कुनी उडवला?" तुम्ही विचारलंत. रागानं नाही.

"मी," वाळकू म्हणाला. "मीच उडवला. देवा, मीच."

मी बंदूक मोडून दाखवली. आत पितळी बूड चमकत होतं. "माझी भरलेलीच आहे," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. बंदूक भरलेलीच होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात तुम्ही सांगितलंत की घरी काडतूस भरताना उडालं. डॉक्टरांना सांगितलंत, पोलिसांनाही तेच. वाळकूचं नाव घेतलं नाहीत. तुमच्याच हयगयीनं झालं असं तुमच्याच सहीनं लिहिलं गेलं आणि तुमची सोळा बोर जमा झाली ती कायमची. खुंटी तशीच राहिली. ताई तिच्यावर सूप अडकवायला लागली. डॉक्टरांनी काढलेला छर्रा ताईनं काडेपेटीत ठेवला होता. मी तो हातात घेऊन पाहिला. सहा नंबर. कुणाचाही असू शकला असता.

कागदावर दोष तुमचा, पण गावात दोष वाळकूचा. त्यानंच घरोघर सांगितला, लपवावं असं त्याला वाटलंच नाही. लोकांनी त्याला नाव ठेवलं, डोळेफोड्या. आधी मागून, मग तोंडावर. त्यानं ठासणी विहिरीत टाकली. पुढच्या वर्षी डुकरांनी त्याचा सगळा वरईचा तुकडा उकरून खाल्ला आणि तो बघत बसला. मग उंबरमाळीच्या बाजूला सासुरवाडीला निघून गेला. पण नाव माणसाच्या आधी पोचतं. तिकडे त्याच्या नातवाला शाळेत पोरं डोळेफोड्याचा नातू म्हणतात. हे मला वाळकूनंच सांगितलं, हसत, जत्रेच्या दिवसांत तो तुमच्याकडे मधाची बाटली घेऊन यायचा तेव्हा. दर वर्षी यायचा. अंगणाच्या कडेला बसायचा. तुम्ही म्हणायचात, "वर ये रे वाळक्या, ओट्यावर बस." तो म्हणायचा, "इथंच बरं." मग तुम्हीच खाली उतरून त्याच्याशेजारी बसायचात. आणि मी ओट्यावर, खुर्चीत.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी एकटा त्या खाचरात गेलो होतो. ताईला सांगितलं, डबा राहिलाय. खरं म्हणजे मला भीती होती ती डाटेची. काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये नमद्याची जाड चकती असते, ती छर्र्यांच्या मागून बाहेर पडते आणि थोडं अंतर जाऊन जमिनीवर पडते. छर्रा मुका असतो, पण डाट बोलते. बाराची बारात बसेल एवढी, सोळाची सोळात. आणि ठासणीत तर नमदा नसतोच, काथ्या असतो. वाळकूच्या नजरेला ती पडली असती तर त्याला एका क्षणात कळलं असतं. पण तो त्या दिवशी तुमच्यासाठी दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. मला डाट सापडली, तुमच्या जाळीच्या अलीकडे पंधरा पावलांवर, दवानं भिजलेली. बारा बोरची. मी ती खिशात घातली.

ती माझ्या कंपासपेटीत आहे. बावीस वर्षं पोरांना वर्तुळं काढायला शिकवताना रोज पेटी उघडतो आणि रोज ती दिसते. टाकून का दिली नाही, हे मला विचारू नका.

तुमच्यावर रडायला बसलो की मला तुम्ही आजारातले आठवत नाही. तबकड्यांच्या मैदानावरचे आठवता. मुरबाडच्या पुढं एका मुंबईवाल्यानं जागा घेऊन नेमबाजीचं मैदान केलं, यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत फेकायच्या आणि त्या फोडायच्या. तुम्हाला तिथं यंत्र चालवायला ठेवलं. तुमचं वय तेव्हा साठीच्या जवळ. महिन्याभरात तुम्ही यंत्र सोडून माणसांना शिकवायला लागलात. मालकाला तुमचं म्हणणं ऐकावंसं वाटायचं, कारण तुम्ही साहेब, मॅडम न म्हणता सरळ "खांदा पुढं घ्या, पळून चाललाय काय?" असं म्हणायचात.

एक रविवार. मुंबईची एक बाई आली होती, नवऱ्यानं तिच्या हातात बारा बोर दिलेली. दोन बारांत खांदा धरून बसली. तुम्ही ती काढून घेतलीत आणि वीस बोर दिलीत. नवरा म्हणाला, "पण त्यात छर्रे कमी असतात ना?"

"छर्रे कमी, पन बाई परत येनार," तुम्ही म्हणालात. "तुमच्या बाराला छर्रे बक्कळ, आनि ती नाय येनार. कुठलं बरं?"

तिनं चौथ्या बाराला तबकडी फोडली. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही ती माझ्या डोक्यावर फुटली.

आपल्या भांडणात आता वीस आली होती. मी म्हणायचो, सामन्यात सगळे बाराच वापरतात. तुम्ही म्हणायचात, वापरतात, पन त्यात छर्रे भरतात चोवीसच ग्रॅम. तेवढे तर विसातबी बसतात. मग बाराचं लोढणं कशाला? मी म्हणायचो, अरुंद नळीत तेवढेच छर्रे घातले की त्यांची रांग लांबते. पुढचे पोचतात तेव्हा मागचे वाटेतच असतात आणि तबकडी मधून निसटते. तुम्ही विचार केलात. मग म्हणालात, "रांग लांब असली तर उशीर झालेल्याचंबी भागतं." ते शास्त्राला धरून नव्हतं आणि मी तसं सांगितलंही. पण रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तुम्ही स्वतः डाव्या खांद्यावरून बंदूक धरायला शिकलात. उजवा डोळा नाही, तर उजवा खांदा काय कामाचा. साठाव्या वर्षी हात बदलणं म्हणजे लिहिण्याचा हात बदलण्यासारखं. पहिला हंगाम सगळा हवेत गेला. मी मागं उभा राहून सांगायचो, "मागे जातंय दाजी, अजून पुढं." तुम्ही म्हणायचात, "एका डोळ्याला लांबी कळत नाय रे. तबकडी कागदावर काढल्यासारकी दिसते." मी "हूं" म्हणायचो. आणि एक दिवस ती फुटली. काळी धूळ आभाळात पसरली आणि तुम्ही बंदूक मोडून, नळी खाली करून, आधी सुरक्षित ठेवलीत, मग माझा हात धरलात. "मास्तर, तू नसतास तर हे झालं नसतं."

खरंच होतं ते. माझ्याशिवाय हे काहीच झालं नसतं.

त्याच मैदानावर तुम्ही मला एकदा वाट करून दिली होतीत. तबकड्या संपल्या होत्या, आपण दोघं पडलेल्या डाटा वेचत होतो. आता त्या प्लास्टिकच्या असतात. तुम्ही एक उचललीत, मागं वळून उभं राहायच्या जागेपर्यंतचं अंतर पाहिलंत आणि म्हणालात, "वाळक्याची ठासणी एवढ्या लांब नाय जायाची. तो व्हता तिथून माजी जाळी सत्तर पावलं. त्याचा छर्रा कातडीला लागून खाली पडला असता. डोळ्यात एवढा आत? मला ते कोडं कधी सुटलं नाय." मग माझ्याकडे पाहिलंत. डाव्या डोळ्यानं, मान जरा वळवून, जसं तुम्ही हल्ली सगळ्यांकडेच पाहायचात. "मी त्याला सांगितलंबी, की बाबा, तुजा बार असा जायाचा नाय. तर म्हनतो, तुमी मनानं मोठे म्हनून बोलता."

मी म्हणालो, "दाजी, तो यंत्राचा हात जरा खाली बसलाय का? डावीकडच्या तबकड्या नीट उठत नाहीत."

तुम्ही यंत्र बघायला गेलात.

तुम्हाला ठाऊक होतं का? या तेरा दिवसांत मी हे हजारदा उलटंपालटं केलंय. ठाऊक होतं आणि तुम्ही मला मनातल्या मनात सोडून दिलं होतं, असं धरलं तर मला फार सोपं जातं. म्हणूनच मी तसं धरत नाही. आणि दुसरंही आहे. तुम्हाला खरोखर ठाऊक असतं, तर तुम्ही वाळकूला अंगणात बसू दिलं नसतंत. हाताला धरून ओट्यावर आणलं असतंत आणि मला खाली बसवलं असतंत. मी तुम्हाला तेवढा ओळखतो. तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही कोडं घेऊनच गेलात, आणि उत्तर तुमच्या उशाशी बसून तुम्हाला मोसंब्याच्या फोडी देत होतं.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला हळूच म्हणालात, "वीस बोर. आता तरी मान्य कर."

मी म्हणालो, "तुम्ही उठून मैदानावर चला, मग मान्य करतो."

तुम्हाला हसू आलं, आणि हसण्यानं खोकला. ताई मला ओरडली. मला वाटलं होतं, भांडण शिल्लक ठेवलं तर तुम्ही त्याच्यासाठी थांबाल. मान्य आहे, दाजी. तबकडीला वीस बोर पुरते. लाव्याला सोळासुद्धा जास्त झाली. बारा बोर माझ्यासारख्याच्या हातात द्यायची वस्तू नव्हे. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, चूक माफ होत गेली की माणूस काय सोडतो ते.

परवा तेराव्याला वाळकू आला. उंबरमाळीहून, पहाटेच निघून. केस पांढरे झालेत, पण चाल तीच, अंगणात येईपर्यंत कुणाला चाहूल लागली नाही. हातात मधाची बाटली. ताईनं ती घेतली आणि तिला रडू फुटलं. "आता कुनासाठी आनलीस रे?"

"तुमच्यासाठी, वैनी," तो म्हणाला. "त्यांच्या घरासाठी."

पंगत बसली. ताईनं त्याला वर बोलावलं. तो अंगणाच्या कडेलाच बसला, त्याच जागी, आणि या वेळी त्याच्याशेजारी खाली उतरून बसायला तुम्ही नव्हतात. मी पत्रावळ घेऊन त्याच्यापाशी गेलो. उभ्यानंच वाढत होतो. त्यानं माझा मनगटाशी हात धरला.

"मास्तर, तुमी तिथं व्हतात. एक इचारू? ते असते तर इचारलं नसतं, त्यांना दुखलं असतं. ते मला म्हनायचे, तुजा बार नाय. मला बरं वाटावं म्हनून म्हनायचे. आता ते नायत. तुमी शिकलेलं मानूस, तुमी खरं सांगा. माजाच व्हता ना?"

त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं. त्याला 'नाही' ऐकायचं नव्हतं, दाजी. 'हो' ही ऐकायचं नव्हतं. त्याला फक्त आता कायमचं कळून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, "जुनं झालं रे, वाळकू."

त्यानं माझा हात सोडला. भाताचा घास उचलला, थोडा वेळ तसाच धरला. "व्हय," तो म्हणाला. "पन जुनं झालं म्हंजे फिटत नाय."

मी वरणाची बादली घेऊन पुढच्या पानावर गेलो.

बावीस वर्षांपूर्वी घाबरलो होतो, तरुण होतो, नोकरी होती. त्याला काहीतरी निमित्त देता येतं. परवाचं देता येत नाही. परवा माझ्या नोकरीला कसला धोका नव्हता. तुम्ही नव्हतात. समोर एक म्हातारा माणूस विचारत होता आणि मला एक शब्द बोलायचा होता. मी दुसऱ्यांदा बंदूक मोडून दाखवली.

म्हणून हे लिहितोय. हे कुठे छापून आलंच तर त्याआधी मी ते ताईला वाचून दाखवणार आहे. ती काय करेल मला माहीत नाही. चादरीच्या वेळी ती जे बोलली तसं काही बोलणार नाही, एवढं कळतं. तिनं दार लावून घेतलं तर मी बाहेर बसेन. अंगणाच्या कडेला जागा आहे.

पण लिहून माझं भागत नाही. वाळकूला वाचता येत नाही. गावातल्या सगळ्यांनी हे वाचलं आणि त्यानं नाही, तर हे पुन्हा बिनधुराच्याच काडतुसासारखं. त्याच्याकडे जावं लागेल, उंबरमाळीला, त्याच्या पाड्यावर, त्याच्या नातवाच्या देखत. त्याला छापलेलं वाचता येत नसलं तरी डाट वाचता येते. कंपासपेटीतून काढून मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आहे. ती त्याच्या तळहातावर ठेवली की बोर किती, बंदूक कुणाची, हे त्याला मी सांगायच्या आधी कळेल. तरीही मला तोंडानं सांगावं लागेल.

तुमचा डोळा मी देणं लागतो, तो आता फेडता येणार नाही. तुमची सोळा बोर लागतो, तीही नाही. वाळकूला मी एक वाक्य देणं लागतो, "तो बार माझा होता," आणि ते अजून दिलेलं नाही.